डिकीची प्रत्यक्ष पाहणी

मंगळवारी सकाळी नकाशेकाकांनी किल्ली फिरवली आणि गाडीने "टक्" असा एकच आवाज केला. तीन आठवड्यांतली ही नववी टक्. काकांनी खिशातून छोटी वही काढली, तारीख लिहिली, पुढे "टक्" असं लिहिलं आणि वही पुन्हा खिशात ठेवली. मग घरात येऊन ते खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघू लागले.

"नाही झाली चालू?" काकूंनी विचारलं.

"हं."

"अहो, परवाच तर चार्ज करून आणली ना बॅटरी?"

"हं."

नकाशे काढायच्या कचेरीत छत्तीस वर्षं घालवली म्हणून गल्लीने त्यांचं नाव नकाशेकाका ठेवलं होतं. काकूंचा नकाशांशी काडीचा संबंध नव्हता, तरी त्यांच्याशी लग्न केल्यामुळे त्या आपोआप नकाशेकाकू झाल्या. काका स्वभावाने गरीब. पण घरात त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेल्या डब्याचं झाकण काढण्यासारखं होतं. "हं", "बरं", "नको" आणि "चहा" एवढ्यात त्यांचा दिवस पार पडायचा.

त्याच माणसाला गाडीत बसवलं, की पहिल्या वळणाला जीभ सैल व्हायची. हात स्टिअरिंगवर, नजर समोर, आणि बोलणं सुरू. कचेरीतले साहेब, मोजणीच्या वेळी आठ दिवस मागे मागे फिरलेलं लंगडं कुत्रं, लेकीची काळजी, स्वतःच्या गुडघ्याची काळजी, सगळं. रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं, तासभर. एकोणतीस वर्षांची ती गाडी आणि तितक्याच वर्षांच्या गप्पा. गेल्या तीन आठवड्यांत गाडीचा भरवसा नाही, म्हणून फेरी बंद आणि गप्पाही बंद. घरात इतकी शांतता झाली होती, की आपला फ्रीज गुरगुरतो हे काकूंना पहिल्यांदाच कळलं.

त्यात लेकीने फर्मान काढलं होतं. लेक दातांची डॉक्टर. तोंड उघडायला लावायची सवय, आणि समोरच्याला बोलू न देण्याचीही. आठवड्यापूर्वी हे दोघं डोळे तपासून परत येताना गाडी भर चौकात बंद पडली, आणि काकूंनी सत्तरीच्या वयात मागून धक्का मारला, हे तिला सोमवारी कुणीतरी सांगितलं. ती तडक आली.

"बाबा, बास झालं. मी गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी येतोय."

काका भिंतीकडे बघत राहिले. बोलल्या त्या काकूच. "अगं, दुरुस्त झाली तर?"

"कधी होणार दुरुस्त? बरं, एक संधी देते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन सकाळी लागोपाठ गाडी आपली आपण चालू झाली, तर ठेवा. एकदा जरी टक् केलं, तर रविवारी गेली. आणि ही दुसरी किल्ली मी नेते. गिऱ्हाइकाला दाखवायला लागेल."

म्हणून मंगळवारच्या नवव्या टक्नंतर काकांनी बॅटरीमिस्त्रीला घरी आणलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, बॅटरी तपासली, धक्का मारून गाडी चालू करून बघितली आणि हात पुसत म्हणाला, "काका, बॅटरी ठणठणीत आहे. डायनामो पण भरतोय. तुमच्या गाडीत चोर आहे."

"चोर?" काकू दचकल्या.

"म्हणजे गाडी बंद असताना आतलं काहीतरी गुपचूप करंट पितंय. रात्रभर घोट घोट पितं, सकाळी बॅटरी रिकामी. त्याला आम्ही चोर म्हणतो. शोधायला वेळ लागतो, आणि माझ्याकडे आठ गाड्या रांगेत. सोमवारी करू?"

"सोमवारी उशीर होईल हो," काकू म्हणाल्या.

मिस्त्री मनाने चांगला. त्याने दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब दिला आणि रीत समजावली. बॅटरीची एक तार काढायची, तिच्या वाटेत हा बल्ब लावायचा. चोर पीत असेल तर बल्ब पेटेल. मग एकेक फ्यूज काढत जायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्याच घरातला.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "काय म्हणाला हो मिस्त्री?"

"गाडीत चोर आहे म्हणाला. रात्री घोट घोट पितो."

"अगं बाई! पेट्रोल?" पण तेवढ्यात काकूंचं दूध उतू गेलं आणि त्या आत धावल्या. खुलासा राहून गेला.

बुधवारी दुपारी तीन वाजता तपास सुरू झाला. काकांनी बल्ब लावला आणि तो लखलखीत पेटला. "सापडला!" काकू टाळी वाजवून म्हणाल्या. काकांनी शांतपणे गाडीचं दार लावलं. आतला दिवा विझला आणि बल्ब मंदावला. पण पूर्ण विझला नाही. चोर होताच.

फ्यूजचा डबा होता आत, पायांपाशी, आणि बल्ब होता पुढे बॉनेटमध्ये. दार उघडं ठेवलं की आतला दिवा पेटणार. काच खाली करायचं हँडल दोन वर्षांपूर्वी तुटलेलं. तेव्हा काका दार लावून आत वाकून बसले आणि काकू बॉनेटपाशी बल्बवर डोळा ठेवून उभ्या राहिल्या. ठरलं असं, की बल्ब पेटलेला असेल तर पत्र्यावर एक ठोका, विझला तर दोन.

पहिला फ्यूज. एक ठोका. दुसरा. एक. तिसरा, चौथा, एकेक. पाचव्याला बल्ब पटकन विझला, आणि काकूंना इतका आनंद झाला, की त्या दोनावर थांबल्याच नाहीत.

काका दार उघडून बाहेर आले. "अगं, सहा ठोके म्हणजे काय?"

"विझला हो!"

गाडीचं पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. पाचव्या फ्यूजवर तीन जणांचा संसार होता: घड्याळ, आतला दिवा आणि डिकीतला दिवा. फ्यूज पुन्हा बसवून घड्याळाची तार काढून बघितली, बल्ब पेटलेलाच. आतला दिवा काचेतून दिसत होता, तो विझलेला होता. राहिली डिकी. डिकी उघडली की दिवा लागायचा, बंद केली की विझायला हवा.

"पण बंद केल्यावर खरंच विझतो का, ते बाहेरून कसं कळणार?" काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा पुसला. त्यांच्या कचेरीत एक नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागदावर रेघ मारायची नाही. याला म्हणत प्रत्यक्ष पाहणी. ओढा आहे असं दहा जणांनी सांगितलं, तरी जाऊन पाय भिजवायचे आणि मगच निळी रेघ. छत्तीस वर्षं त्यांनी हा नियम मोडला नव्हता.

"प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल," ते म्हणाले.

"म्हणजे?"

काकांनी बॅटरीची तार होती तशी जोडली, किल्लीने डिकी उघडली, सवयीप्रमाणे किल्ली पँटच्या खिशात टाकली, आतला जॅक बाजूला सरकवला आणि एक पाय आत टाकला.

"अहो, तुमचा गुडघा!"

"मी आत झोपतो. तू झाकण लाव. दिवा विझतो का ते बघतो. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि जोरात लाव. अर्धवट लागलं तर पाहणी चुकेल."

काकूंनी जोरात लावलं. खाट्!

मग आतून, गेल्या तीन आठवड्यांत ऐकू आला नव्हता असा खणखणीत आवाज आला. "सापडला! चोर सापडला! दिवा विझतच नाही!"

"खरंच?" काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"लख्ख पेटलाय! उघड आता."

काकूंनी झाकणाला हात घातला. "किल्ली?"

आत खिसा चाचपल्याचा आवाज झाला. मग जरा खालच्या पट्टीत, "किल्ली माझ्या खिशात आहे."

आतून डिकी उघडायची सोय त्या काळच्या गाड्यांना नव्हती. काकूंनी पत्र्याला कान लावला. "श्वास घेता येतोय ना?"

"येतोय. डाव्या दिव्याखाली गंजून भोक पडलंय ना, तिथून वारा येतोय. तू घाबरू नकोस. फोन कर."

काकू आत पळाल्या. आधी मिस्त्रीला फोन.

"काकू, डिकीत कशाला जायचं?" तो कळवळून म्हणाला. "झाकण लावायचं, पाच मिनिटांनी उघडायचं आणि बल्बला हात लावायचा. गरम असला तर चोर तोच!"

"आता हात लावायला ते तिथेच आहेत."

"मी निघतो, पण एका गाडीचं इंजिन खाली उतरवलंय. तासभर लागेल."

मग लेकीला फोन. लेकीच्या समोर कुणीतरी आ वासून पडलं होतं.

"आई, लवकर बोल."

"दुसरी किल्ली घेऊन ये. बाबा डिकीत आहेत."

"कुठे?"

"डिकीत."

"डिकीत काय करताहेत?"

"पाहणी."

पलीकडे काहीतरी धातूचं खाली पडल्याचा आवाज आला. "चाळीस मिनिटांत पोचते. त्यांना हलू देऊ नकोस."

"हलायला जागाच नाहीये गं."

फोन ठेवून काकू बाहेर आल्या, तर गाडीभोवती सात-आठ जण. मधोमध कॅप्टन. कॅप्टन सैन्यात कधीच नव्हते. ते कचेरीच्या कॅरम संघाचे कप्तान होते, पण नाव चिकटलं आणि हळूहळू छातीही पुढे आली. त्यांच्या हातात फिरायला जायची काठी होती. वर गॅलरीत वहिनी ओरडत होत्या, "मी ऐकलं ना माझ्या कानांनी! चोर सापडला म्हणून ओरडले आणि डिकी धाडकन लावली. कोंडला त्याला! रोज रात्री यायचा मेला, पेट्रोल प्यायला!"

कॅप्टननी काठीने डिकीवर टकटक केलं. "कोण आहेस?"

"मी आहे!" आतून आवाज.

"मी म्हणजे कोण?"

"मी, तीन नंबरच्या घरातला!"

कॅप्टन मागे वळून म्हणाले, "बघा. घर नंबरसकट माहिती काढून आलाय."

"कॅप्टन, अहो मी, नकाशे!"

"नकाशेही काढलेत म्हणतोय. टोळी दिसते."

काकू गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या. "अहो, थांबा, थांबा! आत हे आहेत!"

"हे कोण?"

"हे हो! आमचे हे!"

"तुम्ही घाबरू नका. हे म्हणजे नेमके कोण? नाव सांगा."

सत्तेचाळीस वर्षांत काकूंनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आताही जिभेवर आलेलं नाव तिथेच अडकलं. "हे म्हणजे... हे! दुसरे कोण असणार?"

"मग तुमचे यजमान आहेत कुठे?"

"तेच तर सांगतेय! तेच हे!"

कॅप्टननी काठी खाली केली. गंजलेल्या भोकाशी वाकून ते हळूच म्हणाले, "नकाशे? तुम्ही आहात?"

"केव्हाचा सांगतोय!"

"मग तुम्ही चोर सापडला म्हणून का ओरडलात?"

"सापडला म्हणून!"

हे समजावून सांगायला पाच मिनिटं गेली. वर वहिनींना समजवायला आणखी पाच, कारण पेट्रोल न पिणारा चोर त्यांना पटेना. कुणी म्हणालं कुलूप तोडू, कुणी म्हणालं पत्रा कापू. एकाने मागच्या सीटची पाठ ओढून बघितली, ती स्क्रूने घट्ट बसवलेली. कॅप्टननी सूत्रं हातात घेतली, लेक किल्ली घेऊन निघालीय हे ऐकून सूत्रं खाली ठेवली आणि हुकूम सोडला, "सगळ्यांनी आपापल्या घरी जा. माणसाला हवा मिळू द्या."

गर्दी पांगली. काकूंनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून गाडीच्या मागे ठेवलं आणि भोकाजवळ कान नेऊन बसल्या.

"अहो, तो बल्बच काढून टाका की."

"मग अंधार होईल. असू दे सध्या."

"चहा हवाय का तुम्हाला?"

"हो. पण कसा देशील?"

दोघंही हसले. मग शांतता. काकूंना वाटलं, आता इथेही फ्रीजसारखं काहीतरी गुरगुरायला लागणार. पण आत जागा अरुंद होती, डोळ्यांसमोर पत्रा होता, आणि समोर तोंडाकडे बघत बसलेलं कुणी नव्हतं. काकांनी घसा खाकरला.

"ऐकतेयस?"

"हं," काकू म्हणाल्या.

"तुला एक सांगायचं राहिलंय. आपलं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मला मोजणीला लांब पाठवलं होतं बघ. दीड महिना. तिथे एक तळं होतं. गावकऱ्यांना विचारलं, याचं नाव काय? म्हणाले, नाव-बिव काही नाही, तळं म्हणतो. आणि तक्त्यात तर नावाचा रकाना. रिकामा ठेवायचा नाही असा हुकूम."

"मग?"

"मग मी तुझं नाव टाकलं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत काकू तिच्याकडे बघत राहिल्या.

"छापलं?"

"छापलं. अकरा वर्षं होतं नकाशावर. मग नवीन साहेब आला, त्याने खोडलं."

"मोठं होतं तळं?"

"डबकं म्हण. उन्हाळ्यात आटायचं."

"आणि हे मला आज सांगताय? डिकीतून?"

"बाहेर असताना कसं सांगणार? तू बघत बसतेस. गाडीत बरं असतं, दोघांनी समोर बघायचं. गाडी गेल्यावर कुठे बोलायचं, तेच कळत नव्हतं मला. रोज भिंतीकडे बघून वाटायचं, भिंत पुढे सरकली असती तर बरं झालं असतं."

मग ते बोलतच राहिले. लेकीच्या पहिल्या परीक्षेच्या वेळी आपल्याला घाम फुटला होता हे. काकूंना ताप आला त्या आठवड्यात आमटी आपोआप करपली नव्हती, आपणच करपवली होती, भांडं किती तापतं ते तपासायच्या नादात, हे. निवृत्तीच्या दिवशी कचेरीच्या जिन्यात दहा मिनिटं बसून राहिलो होतो हे. काकू स्टुलावर बसून एका गंजलेल्या भोकाला "हं", "बरं" म्हणत होत्या.

लेक आली ती गाडी आडवीतिडवी लावून, गळ्यात तोंडाचा मास्क लोंबतोय अशी. आई कुणाशी तरी हसत गप्पा मारतेय आणि समोर माणूस नाही, हे बघून ती गेटमध्येच थबकली.

"आई?"

"आलीस? जरा थांब, त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दे."

लेक थांबली नाही. किल्ली लावली, झाकण वर गेलं. आत दिव्याखाली काका कुशीवर पडले होते, चष्मा नीट, वही छातीशी. ते उठून बसले आणि म्हणाले, "विझत नाही. प्रत्यक्ष पाहिलं." मग वाकून त्यांनी बल्ब फिरवला, "स्स" करून बोटं झटकली, रुमालाने धरून पुन्हा फिरवला आणि बल्ब काढून लेकीच्या हातावर ठेवला.

लेकीला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती रागावली. "बास! रविवार कशाला, मी उद्याच बोलावते त्या माणसाला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस डिकीत! काही झालं असतं म्हणजे?"

काका बोटांवर फुंकर घालत राहिले. आणि तेव्हा काकू स्टुलावरून उठल्या. "उद्या नाही. तू काय म्हणाली होतीस? तीन सकाळी. ठरलं ते ठरलं. चोर काढलाय आम्ही. आता सकाळी बघू."

आईचा एवढा आवाज लेकीने कधी ऐकला नव्हता. तिने बल्ब पर्समध्ये टाकला, बाबांना मिठी मारली, त्यांच्या पाठीवरची धूळ झटकली आणि जाताना दोघांनाही पुन्हा एकदा रागावून गेली. थोड्याच वेळात मिस्त्री आला. डिकीचं झाकण दिव्याच्या बटणापर्यंत पोचतच नाही हे त्याने दाखवलं, बॅटरी पुन्हा चार्ज करून दिली, आणि "बल्ब काढलात, आता झोपा निवांत," म्हणाला.

गुरुवारी सकाळी काकूंनी स्वयंपाकघरातून कान दिला. किल्ली फिरली आणि इंजिन धडधडलं. शुक्रवारी धडधडलं. शनिवारी लेक स्वतः सात वाजता येऊन गाडीशेजारी उभी राहिली. इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. ती फोन काढून कोपऱ्यात गेली आणि म्हणाली, "नाही हो, सॉरी, द्यायची नाहीये गाडी. घरात वापर आहे."

शनिवारी संध्याकाळी काकूंनी केसांना कंगवा केला, चांगली साडी नेसली आणि पुढच्या सीटवर बसल्या. गाडी निघाली. पहिलं वळण आलं. काका गप्प. दुसरं वळण गेलं, दवाखाना गेला, शाळा गेली. काका समोर बघत शांतपणे गाडी चालवत होते. काकूंनी त्यांच्याकडे तिरकं बघितलं. एवढं करून गाडी राहिली, आणि आता?

"अहो, बरं नाही का वाटत?"

"छान वाटतंय की."

"मग बोलत का नाही?"

काका ओशाळले. "बुधवारी डिकीत सगळं बोलून झालं गं. आता काही राहिलंच नाही."

पाण्याच्या टाकीपर्यंत गाडीत नुसता इंजिनचा आवाज होता. मग काकूंनी पदर सारखा केला, समोरच्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग मी बोलू?"

"बोल की."

"रागावणार नाही ना?"

"नाही."

"मला ना, ही गाडी कधीच आवडली नाही."

गाडी जराशी डावीकडे गेली आणि पुन्हा सरळ झाली.

"रंग तर मुळीच नाही. तुम्ही एकट्याने जाऊन घेऊन आलात. पेट्रोलच्या वासाने डोकं दुखतं. वळणावर मळमळतं. आणि ही सीट, इथे कमरेत टोचते. पहिल्या दिवसापासून."

"एकोणतीस वर्षं?"

"एकोणतीस वर्षं."

"मग रोज यायचीस कशाला?"

"तुम्ही बोलत होतात ना."

काकांनी गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. स्वतःच्या पाठीमागची उशी काढली, काकूंच्या पाठीशी सरकवली आणि विचारलं, "कुठे टोचतं? इथे?"

"जरा खाली. हं. तिथेच."

काकांनी उशी दाबून बसवली, पुन्हा स्टिअरिंग धरलं आणि समोर बघत म्हणाले, "अजून काय काय आहे तुझं?"

"खूप आहे हो."

"असू दे," काका म्हणाले आणि गाडी घराकडे वळवण्याऐवजी सरळ पुढे काढली. "टाकी भरलेली आहे."